बिल्ला टायगरचा, सुई भुरीची

शनिवारी कोतवाल चिंधूनं डफडं वाजवून धानोडीभर सांगितलं: उद्या ग्रामपंचायतीपुढं कुत्र्यांना सुई टोचणार, टोचलेल्याच्या गळ्यात पितळी बिल्ला बांधणार, आणि मंगळवारी बिन-बिल्ल्याच्यांना विषाची भाकर.

कौशी भुरीला शोधायला धावली. भुरी तिची कुत्री. तिची म्हणजे, झोपायची तिच्या ओट्यावर आणि जेवायची सात घरी.

कौशी आष्टीच्या शाळेत नववीत होती. नववीत गेल्यापासून या पोरीनं लाज दप्तरात गुंडाळून ठेवली, असं तिची आई सुमित्राबाई म्हणायची.

रविवारी आष्टीहून ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर आले. थर्मासात गोळेवाल्याकडचा बर्फ, बर्फात पंचवीस कुत्र्यांची लस आणि पिशवीत पंचवीस बिल्ले. गाव आलं खरं, पण तोंडं पाडून. कारण गावात आजवर सुया घेतल्या होत्या त्या एकट्या डोमाजीनं, पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर, पोटात चौदा. तेव्हापासून सुई म्हणजे पिसाळलेला, हा धानोडीचा हिशेब पक्का. विषाच्या भीतीनं लोक उभे होते, पण कुत्र्याकडं पाठ करून, जणू दोर हातात चुकून आला.

भुरी दोनदा निसटली. तिला लुगड्याच्या काठानं बांधून कौशी पोचली तेव्हा नंबर लागला सव्विसावा. पंचविसावे होते सरपंच बबनराव. पुलगावच्या एका लष्करी साहेबाकडून आणलेला त्यांचा टायगर जीभ काढून उभा होता.

"बिल्ला द्या डाक्टरसाहेब," बबनराव म्हणाले. "सुई राहू द्या. आपला कुत्रा का पिसाळला हाय? खानदानी जनावर हाय ते."

डॉक्टरांचं जेवण सरपंचांच्याच घरी होतं. वडे तळल्याचा वास तिथपर्यंत येत होता. त्यांनी बिल्ला दिला आणि वहीत टायगर टोचला गेला.

"मंग त्याची सुई माह्या भुरीले द्या," कौशी म्हणाली.

डॉक्टरांनी वितळत्या बर्फाकडं पाहिलं आणि भुरीला टोचून टाकलं. पण बिल्ले संपले होते.

सोमवारी सकाळी पंचायतीपुढं बबनराव चिंधूला भाकरी कुठं टाकायच्या ते समजावत होते. अर्धं गाव ऐकत होतं. कौशी पुढं झाली.

"काकाजी, माह्या भुरीले सुई झाली हाय. तिले सोडा."

"बिल्ला कुठी हाय? नाई ना? नियम म्हणजे नियम, पोरी."

"बरं. भाकर कुठी टाकान?"

"उकिरड्यावर, हापशीपाशी, शाळेमागं. तुले कायले पायजे?"

"नाई, इचारलं. काल टायगर आमच्या चुलीपासून दोन भाकरी घेऊन गेला. परवा डोमाजीमामाच्या घरून एक. विषाची भाकर का बिल्ला पाहून पोटात जाते?"

चिंधूनं बबनरावांकडं पाहिलं. मग शेजारच्या दारातून सरपंचीण मंदाबाईच बोलल्या, "काही विषगिष टाकू नका वो. तुमचं खानदानी जनावर साऱ्या गावचे उकिरडे हुंगते."

गाव हसलं. बबनरावांनी घसा साफ केला आणि ताबडतोब ठराव मांडला: भूतदयेच्या थोर परंपरेला स्मरून विषाचा कार्यक्रम रद्द. परंपरा कधीपासूनची, हे कोणी विचारलं नाही.

कौशीचं काम झालं होतं, पण जीभ थांबेना. "अन् काकाजी, टायगरपासून जपून राहजा. एखांदं पिसाळलेलं कुत्रं त्याले चावलं, अन् तो तुमाले, त बिल्ला काही करनार नाई. पोटात चौदा. डोमाजीमामाले इचारा."

"पंधराव्याले मी पळून आलतो," डोमाजी म्हणाला.

तेवढ्यात टायगर लाडानं हात चाटायला आला. बबनरावांनी हात हळूच खिशात घातला.

बाजाराच्या दिवशी कौशी शाळेत चालली होती. मागून बबनरावांचा छकडा आला. मागं पोत्यांखाली काहीतरी झाकलेलं.

"कुठी चालले काकाजी?"

"आष्टीले. वांगे हायेत बाजाराचे."

छकडा पुढं गेला. पोत्याखालून झुबकेदार शेपटी बाहेर येऊन हलत होती.

"भल्ले ताजे हायेत वांगे," कौशी मागून म्हणाली. "ढोरांच्या दवाखान्यात चांगला भाव येईन."

बबनरावांनी बैल जोरात हाकले.