मोतीबिंद पिकेपर्यंत

सत्यशीलाबाईंचं डोकं रोज सकाळीच फिरायचं. चहा चुलीवर चढतो न चढतो तोच नवरा, हरिदास, दारातल्या उजेडात डोळे ताणून उभा.

"पाह्य व, पिकला का?"

मोतीबिंद म्हणजे जसा काही आंबाच! बुबुळ पांढरंफट्ट झालं म्हणजे तो पिकला, मग ऑपरेशन, असं कोण्या जमान्यात कोणी सांगितलं होतं, ते या बाबाने गाठीला बांधून ठेवलेलं. लेक रश्मी चंद्रपुरातून फोनवर घसा फोडून सांगायची, की आता पिकायची वाट पाहत नाहीत. पण ऐकेल तो हरिदास कसला!

सत्यशीलाबाई वाकून पाहायच्या. "काळाच हाये. कच्चा. आता मले सैपाक करू देता का?"

सैपाकाचीही कटकटच होती. निवडलेल्या तांदळात रोज खडे निघत आणि सत्यशीलाबाई रेशनवाल्याचा उद्धार करत. पण हरिदास बांधावरून दुसऱ्यांदा चिखलात पडला, तेव्हा त्यांचा संयम सुटला. "पिको का सडो, चला!" म्हणत त्यांनी त्याला कुरखेड्याहून चंद्रपूरच्या बसमध्ये कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकला आणि कपाळालाच हात लावला.

"आजोबा, हा तर केव्हाचा पांढरा झालाय! डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत असतं. नव्या पेशी जुन्यांवर थर चढवतात, जुन्या बाहेर पडतच नाहीत. म्हातारपणी त्याचा दगड होतो. आणि बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याच्या आतल्या पेशी वयाबरोबर नुसत्या कमी होतात, नव्या येत नाहीत. ऑपरेशनमध्ये एवढं कडक भिंग फोडताना त्यातल्या आणखी मरतील. नजर किती येईल, सांगता येत नाही. घरात कोणालाच दिसलं नाही?"

"मी रोज पाहत होती!" सत्यशीलाबाई उसळल्या. "माह्या या डोळ्यानं! काळाच होता!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी सत्यशीलाबाईंनाच खुर्चीत बसवून डोळ्यांत उजेड टाकला.

"आजी, तुमच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

सत्यशीलाबाईंचा सगळा राग क्षणात गळाला. "म्हणजे यायचे डोळे मीच घालवले?" त्या रडायलाच लागल्या.

"चूप व!" हरिदास खेकसला. तिला शोधायला त्याने हात पुढे केला, तो मशीनवरच आपटला. "मॅडम, पहिले हिचं ऑपरेशन करा."

"घाई तुमच्या डोळ्याला आहे, आजोबा."

"माहा उशीर तं होऊन गेला. हिच्या पेशी तरी वाचवा."