न ढासळलेले उतार

कालव्याच्या साहेबांनी माझ्या कॉम्प्युटरची भर ऑफिसात टर उडवली, तेव्हा त्यांचं बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणाची भीडभाड ठेवायला नको.

सत्त्याण्णव साल. मी, स्वप्ना, सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. मातीचा उतार कधी ढासळेल हे कॉम्प्युटरला शिकवायचा नाद मला लागला होता. जुन्या उतारांची उंची, कोन, माती, तिच्यातलं पाणी असं सगळं त्याला द्यायचं, आणि पुढे काय झालं तेही सांगायचं. शेकडो दाखले गिरवले की नवा उतार पाहून तो अंदाज बांधतो. दाखले मी कालव्याच्या ऑफिसातल्या फायलींतून घेतले.

साहेबांनी आपल्या ऑफिसमागच्या बांधाची मापं दिली. कॉम्प्युटर म्हणाला, ढासळणार. दुसऱ्या उताराची दिली, ढासळणार. अशी दहा उतारांची दिली, दहाही ढासळणार! कारकुनांपासून सगळे पोट धरून हसले. मी रागाने लाल झाले, पण चूक माझीच होती. सरकारी फाईल उघडते ती माती खाली आल्यावर. जो उतार मुकाट उभा आहे, त्याची चौकशी कोण करतं? माझ्या कॉम्प्युटरने उभा राहिलेला उतार जन्मात पाहिलाच नव्हता.

मी तडक कोरेगावजवळ मुक्ताआत्याकडे गेले. आत्याने वीस वर्षं कालव्यावर माती उपसली होती. तिचं घरही कालव्याच्या उताराखालीच, वस्तीतल्या सात घरांत.

"उभं ऱ्हायलेलं उतार व्हय?" ती म्हणाली. "आवं मास्तरीणबाई, त्ये तर आमीच रचल्यात. चल, दावते."

दोन महिने आम्ही सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन हिंडलो. कुठे मुरूम लागला, कुठे काळी माती नुसतीच लोटली, आत्याला सगळं तोंडपाठ. एकशे चाळीस उतार मोजले, माती पिशव्यांतून सांगलीला नेली, कॉम्प्युटरला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आता तो शहाण्यासारखा बोलू लागला. ऑफिसमागचा बांध पक्का म्हणाला. एका उताराला मात्र ढासळण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याहत्तर सांगितली.

तो आत्याच्या घरामागचा होता.

"तितं काळी माती हाय, पानी प्याली की घसरती," आत्या शांतपणे म्हणाली. "आमी तवाच बोललो हुतो. ऐकलं कुनी?"

मी साहेबांना लेखी कळवलं. "मागं तर माझं ऑफिससुद्धा पाडत होता तुम्ही," ते हसून म्हणाले. पावसाआधी आत्याने सातही घरांतली माणसं उतारापासून लांबच्या बुद्धविहारात हलवली. पावसाळा सरला. उतार उभाच राहिला.

ऑक्टोबरात मी आत्याला भेटायला गेले असताना साहेब जीपमधून विहारात आले. कालव्याच्या त्या टप्प्यात पहिल्यांदाच पाणी सोडायचं होतं आणि माझ्या अंदाजामुळे लोक घरी परतायला तयार नव्हते. त्यांनी माझ्यासमोर टाईप केलेला कागद ठेवला: माझा अंदाज चुकीचा ठरला असून उतार सुरक्षित आहे.

"सही करा, नाहीतर तुमच्या प्राचार्यांना कळवावं लागेल."

"खुशाल कळवा," मी म्हणाले. "मी अठ्ठ्याहत्तर म्हणाले होते, शंभर नव्हे. पाऊस झेलला म्हणून कालव्याचं पाणी झेलेल असं कुणी सांगितलं? सही मी करणार नाही."

"अहो, मी सांगतोय ना, उतार पक्का आहे!"

आत्या उठली. कमरेची किल्ली काढून तिने साहेबांपुढे धरली.

"मग ही घ्या, सायेब. पानी सोडाल त्या राती तुमी झोपा माज्या घरात. बाईसायबांनाबी आना, पोरांनाबी आना. सकाळी म्या चा घिऊन येती."

साहेबांनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे आला नाही.

"का वं? पक्का हाय न्हवं?"

साहेबांनी घाम पुसला. मी तोच कागद उलटा केला आणि मागे दोन ओळी लिहिल्या: आधी या उताराची काळी माती काढून कोन कमी करावा, मगच पाणी सोडावं. पेन त्यांच्या हातात दिलं.

आत्याने किल्ली तशीच धरून ठेवली होती. त्यांची सही होईपर्यंत तिने हात खाली केला नाही.