कम्पूनच्या कोंबड्यांचं अंथरूण

या मंडळी, चटई पुढे ओढा आणि जवळ बसा. महाराजांचं गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकून उठलात, कान अजून गोड आहेत, तोवर आमच्या कम्पूनची गोष्ट ऐकून घ्या. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. अकरा कोंबड्या आहेत आणि एक निवृत्त कारकून आहे, आणि तो कारकून या घडीला खुराड्यात गुडघ्यांवर बसून जमीन हुंगतो आहे.

जमिनीचा वास असा तिखट की डोळ्यांतून पाणी यावं. कम्पूनने एकतीस वर्षं जमीन कचेरीत शिक्के मारले होते, पण जमीन हुंगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आता आली, कारण कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं होतं. कोंबड्या त्याच्या नव्हत्याच, बायकोच्या होत्या. बुआलाई जाऊन ऐंशी दिवस झाले होते. शंभराव्या दिवशी नऊ भिक्खूंना घरी जेवायला बोलवायचं होतं, आणि दहनाच्या दिवशी कम्पून सगळ्यांदेखत बोलून गेला होता की त्या दिवशी पात्रात बुआलाईच्याच कोंबड्यांची अंडी पडतील. बाजारातलं एक अंडं आणणार नाही.

विहारातले थोरले महाराज सकाळी भिक्षेला आले तेव्हा कुंपणावरून नुसती नजर टाकून म्हणाले होते, की कोंबड्यांचे पाय ओले आहेत, आधी खाली काहीतरी कोरडं पसर. कम्पूनने मान डोलावली. मग त्याला आठवेना, की बुआलाई काय पसरायची? चाळीस वर्षं अंडं त्याच्यापुढे ताटलीतून आलं. खुराड्याची जमीन आपोआप कोरडी राहते अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मग त्याने कचेरीतल्या सवयीने एक वही उघडली. पहिली नोंद भाताच्या तुसाची. पूर्वी गिरणीमागे तुसाचे डोंगर पडलेले असायचे, हवं तितकं न्या. आता सगळं तूस वीज करायच्या कारखान्यात जातं. गिरणीवाल्याने मूठभरसुद्धा दिलं नाही, वर विचारलं की कोंबड्या वीज देणार आहेत का. शेरा : नामंजूर. दुसरी नोंद पेंढ्याची. तो कापून पसरायचा असतो हे माहीत नसल्याने त्याने लांबच्या लांब अंथरला, कोंबड्यांचे पाय अडकले, आणि चार दिवसांत तो खालून काळा पडून कुजला. नामंजूर. तिसरी नोंद सुताराकडच्या बारीक भुशाची. त्याने अकराही कोंबड्या दिवसभर शिंकत राहिल्या, पहाटेच्या पठणाला सर्दी झालेले भिक्खू बसावेत तशा. नामंजूर, लाल शाईने.

दिवस उरले तेरा, अंडी शून्य.

अशात तो सीनुअनच्या घरावरून चालला होता. सीनुअन चंदनफुलं करते. म्हणजे दहनाच्या वेळी चितेवर वाहायची ती फुलं, पातळ लाकडाचा कीस वळून केलेली. बाई गुणाची, पण तिने रस्त्यात तब्येत विचारली की लोक घाईघाईने "ठणठणीत, एकदम ठणठणीत" म्हणून पुढे सटकतात. तिच्या ओसरीवर पांढऱ्या, मऊ, खडखडीत कोरड्या किसाचा ढीग पडला होता. कम्पून पाहतच राहिला. उरलेला कीस मिळेल का, असं त्याने विचारलं. सीनुअन म्हणाली, न्या की दादा, पण मागच्या दाराने न्या. ते काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. भर सकाळी तीन पोती हातगाडीवर टाकून तो गावाच्या मधोमध निघाला. एका पोत्याच्या तोंडातून बिघडलेली पाच-सहा फुलं डोकावत होती.

हे गावप्रमुख बुनथामने पाहिलं. कालच कम्पूनने विहारात जाऊन नऊ भिक्खूंना आमंत्रण देऊन ठेवलं होतं, तेही त्याला ठाऊक होतं. शंभराव्या दिवसाचं त्याच्या ध्यानातच आलं नाही; माणूस स्वतःच्याच अंत्यसंस्काराची तयारी करतो आहे, हे बुनथामने एका श्वासात ताडलं आणि तो थेट ध्वनिक्षेपकापाशी गेला.

"ग्रामस्थहो, मी कोणाचं नाव घेत नाही. पण आपल्या गावात जमीन कचेरीतून निवृत्त झालेले, पत्नी नुकतीच वारलेले, पिवळ्या भिंतीच्या घरात राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना एकटं सोडू नका."

कम्पून खुराड्यात कीस पसरत होता. कोण बिचारा, असं त्याच्या मनात आलं. पिवळी भिंत ऐकल्यावर हात थांबले.

दुपारपर्यंत अंगण भरलं. कोणी चिकट भाताची टोपली आणली, कोणी बांबूच्या कोंबांचं कालवण, कोणी कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर. बुनथामने त्याचा हात जो धरला तो सोडेचना. जगण्यात अजून किती गोडी आहे ते तो सांगत राहिला. त्यात आमसभा आणि येती निवडणूकही आली. शेवटी कम्पूनने तो हात तसाच धरून त्याला मागच्या अंगणात ओढत नेलं. मागून सगळा गाव.

अकरा कोंबड्या पांढऱ्या किसात पाय रुतवून उकरत होत्या. एक म्हातारी कोंबडी चितेच्या फुलांवर पंख पसरून डोळे मिटून बसली होती.

 मग बुनथामला ऐकवायला कोणीतरी हवं होतं म्हणून तो सीनुअनवर घसरला. असलं अशुभ सामान लोकांच्या घरात द्यायचं असतं का, म्हणाला.

सीनुअन कुंपणापाशी उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

"बुआलाईताई पंधरा वर्षं नेत होती. मागच्या दाराने. तुम्ही सगळ्यांनी त्यावरचीच अंडी खाल्लीत."

बुनथामने कम्पूनचा हात सोडला.

"मला का नाही सांगितलंस?" कम्पूनने विचारलं.

"तुम्ही विचारलं कधी, दादा? ती आली की बसायची. चार फुलं वळून द्यायची. तिच्या हातची पाकळी उलगडत नसे."

 कालवण परत न्यायला निघालेल्या बाईच्या हातातून कम्पूनने भांडं घेतलं, सगळ्यांना बसवलं आणि बुआलाई गेल्यापासून पहिल्यांदा माणसांच्या पंगतीत जेवला.

कोंबड्यांचे पाय वाळले, पण त्यांना शंभराव्या दिवसाची घाई नव्हती. त्या सकाळपर्यंत सहा अंडी झाली. भिक्खू नऊ. बुनथाम बाजारातून तीन आणायला उठला, त्याला कम्पूनने खाली बसवलं. अंडी उकडली, दोऱ्याने कापली. बारा फाका. नऊ पात्रांत पडल्या. एक बुआलाईच्या तसबिरीपुढे. एक त्याने दाराशी बसलेल्या सीनुअनला आत बोलावून सगळ्यांसमोर तिच्या हातावर ठेवली. शेवटची स्वतः खाल्ली, मीठ न लावता.

मग थोरल्या महाराजांनी सूर धरला. त्या गळ्याचं काय सांगू, भात ढवळणारे हातसुद्धा थांबले. कम्पूनने लहान सुरईतून, गेलेल्या माणसाला पुण्य पोचवायचं पाणी थेंबथेंब वाटीत सोडलं, आणि वाटी मागे नेऊन खुराड्याच्या दाराशी, कोरड्या जमिनीवर ओतली.

तुम्हीही घरी जाऊन आपल्या माणसांसाठी असं पाणी ओताल, तेव्हा एक थेंब बुआलाईच्या नावाने सोडा. ती काय पसरत होती, हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.