सात वाजता पुसलेली बातमी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. इंदूरमधल्या एका लहानशा मराठी वाचनालयाच्या ओसरीत मी टांगलेला असतो. माझी लांबी सहा फूट आणि उंची चार फूट. सागाच्या दोन फळ्या जोडून सुताराने मला केले. तो सांधा आता थोडा उघडला आहे, त्यामुळे मधोमध लिहिताना खडू एकदा अडखळतो. माझा कुठलाही फोटो या फटीवरून लगेच ओळखता येतो. हे मी आताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

फळा गुळगुळीत असतो असे तुम्हाला वाटत असेल. तसा तो असता तर खडू नुसता घसरला असता आणि अक्षर उमटलेच नसते. माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे लाखो उंचवटे आहेत. खडू त्यांच्यावर घासला जातो आणि त्याचे कण तिथे अडकून राहतात. फडके फिरवले की ते कण सुटतात आणि खाली पडतात. मला याचा फार अभिमान होता. लिहिलेले धरून ठेवायचे आणि वेळ झाली की सोडून द्यायचे, एवढेच माझे काम.

हे काम मला पंढरीनाथ मास्तरांनी दिले. ते शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी आठ वाजता येत, दोन वर्तमानपत्रे वाचत आणि दिवसाची एक बातमी माझ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीत. त्यांनी तीन नियम घालून दिले होते. बातमीखाली ती कुठून घेतली ते लिहायचे, वर्तमानपत्राचे नाव आणि पान. तिच्याखाली ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे, पण सही करून. आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत कुणाचेही लिहिलेले कुणी पुसायचे नाही. सातला सगळे पुसायचे.

मित्रांनो, माणसे बातमी वाचून काय बोलतात ते मी एकवीस वर्षे अंगावर झेलले आहे. शहर स्वच्छतेत पुन्हा पहिले आले, तेव्हा कुणीतरी लिहिले होते, ‘अभिनंदन. आता आमच्या गल्लीतल्या नालीलाही ही बातमी कळवावी.’ मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रश्न आला, ‘गाडी दिसली. ती जाते कुठे?’ टोमॅटो महागले त्या आठवड्यात प्रमोदिनीबाईंनी लिहिले, ‘आमच्याकडे सार रजेवर गेले आहे.’ प्रमोदिनीबाई वाचनालयाच्या समोरच राहतात आणि सगळ्यात आधी त्याच लिहितात. निवडणुकीच्या दिवसांत एकमेकांचे तोंड न पाहणारे दोघे माझ्यावर मात्र एकाखाली एक लिहीत आणि सही करत. सातला दोघांचेही एकाच फडक्याने पुसले जाई. दुसऱ्या दिवशी भांडण नवे असे, शिळे नसे.

माझा सगळ्यात नियमित वाचक मात्र मराठी नव्हता. त्यांचे नाव देवकरणजी. सांवेरजवळच्या गावातून मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या टाक्या लावून ते येत. आमच्या तीन गल्ल्यांत दूध घालून झाले की हेल्मेट काखेत धरून माझ्यासमोर उभे राहत. अक्षरे ओळखीची, पण शब्द अडत. मग ते विचारत, “मास्साब, ये ‘दरवाढ’ मतलब?” मास्तर सांगत. ते मान हलवत आणि पुन्हा विचारत, “और किसने छापी?” मास्तर पान दाखवत. दुपारी तीच बातमी त्यांच्या गावात पोहोचे. सोयाबीनच्या भावाची बातमी आली की ते स्वतः खडू उचलत आणि हिंदीत लिहीत, ‘अखबार का भाव अलग, मंडी का अलग. देवकरण.’

टाळेबंदीत वर्तमानपत्रे येईनाशी झाली. कुठला रस्ता उघडा आहे, औषधे कुठे मिळतात, कुणालाच कळेना. दूध मात्र येत होते. त्या दिवसांत देवकरणजी जे पाहून येत तेच मास्तर माझ्यावर लिहीत आणि खाली नमूद करत, ‘स्रोत : देवकरणजी, दूधवाले.’ वर्तमानपत्राऐवजी एका माणसाचे नाव तिथे येण्याचा तो एकच काळ. त्यांची एकही बातमी चुकीची निघाली नाही. माझ्याकडे याची नोंद नाही, कारण मी पुसला जातो. पण मला आठवते.

या हिवाळ्यात मास्तरांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पलासियाच्या दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी खडूचा डबा शरदचंद्रजींच्या हाती दिला. शरदचंद्रजी बँकेतून निवृत्त झालेले, वाचनालयाचे चिटणीस. भले गृहस्थ. “पाच-सात दिवसांचा प्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. “अरे, आरामात या ना तुम्ही, मी आहे ना,” शरदचंद्रजी म्हणाले. नियमांबद्दल कुणीच बोलले नाही. एकवीस वर्षे चाललेले नियम सांगावे लागतात असे मास्तरांना वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी शरदचंद्रजींनी फोनवर बघत बघत माझ्यावर लिहिले, ‘सावधान. आजूबाजूच्या गावांतून शहरात येणाऱ्या दुधात युरिया व डिटर्जंट सापडले. लहान मुलांना धोका.’ खाली स्रोताच्या जागी त्यांनी लिहिले, ‘विश्वसनीय.’ हा मजकूर त्यांना त्यांच्या मेहुण्यांनी पाठवला होता आणि मेहुण्यांना आणखी कुणी.

पहिली सही प्रमोदिनीबाईंची. त्यांनी लिहिले, ‘आपल्याकडे दूध सांवेरहून येते. देवकरणजींना विचारायला हवे.’ यात वाईट काय होते? काहीच नाही. त्या खरेच विचारणार होत्या. पण दुसऱ्याने खाली लिहिले, ‘विचारून कोण खरे सांगतो?’ तिसऱ्याने लिहिले, ‘आमच्या नातवाचे पोट मागच्या महिन्यात बिघडले होते. आता कळले का ते.’ मग हळूहळू ओळी माझ्या तळापर्यंत उतरल्या. मी मोजल्या. सतरा. प्रत्येकीखाली सही. एकाही ओळीत खोटे लिहावे असा कुणाचा हेतू नव्हता, पण बातमी कुणाची, हे सतरापैकी एकानेही विचारले नाही.

दुपारी कुणीतरी फोन उंच धरला आणि माझा फोटो काढला. सातला शरदचंद्रजींनी नियमाप्रमाणे मला पुसले. खडूचे कण खाली पडले. मी नेहमीसारखा काळा झालो. विषय संपला असे मला वाटले, मित्रांनो. फोटोतले कण पडत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकांवर पातेली नव्हती. आमच्या गल्लीत रोज पहाटे झाकण लावलेले पातेले फाटकाच्या कट्ट्यावर ठेवायची पद्धत आहे. देवकरणजी दूध ओततात, झाकण ठेवतात आणि पुढे जातात. त्या दिवशी कट्टे रिकामे होते. त्यांनी दोन-चार घरांत हाक मारली. आतून उत्तर आले, “आज नको भिया, पाहुणे गेले.” “आज नको, दूध फाटलं होतं काल.” ते भरलेल्या टाक्या घेऊन माझ्यासमोर आले. काही झाले असेल तर ते फळ्यावर असेल, असा त्यांचा विश्वास होता.

मी कोरा होतो.

“आज क्या खबर है भिया?” त्यांनी ओसरीत बसलेल्यांना विचारले. “काही विशेष नाही,” शरदचंद्रजी म्हणाले आणि वर्तमानपत्र वर केले.

ती बातमी देवकरणजींनी अखेर आपल्या गावात पाहिली, पुतण्याच्या फोनवर. फोटोत मी होतो, मधोमध फट असलेला. माझ्यावर त्यांचे नाव होते. ज्या फळ्याने त्यांचा शब्द एकदा बातमी म्हणून छातीवर मिरवला होता, त्याच फळ्याने. फोटोखाली कुणीतरी लिहिले होते, ‘वाचनालयाच्या फळ्यावर आले आहे, म्हणजे खरे असणार.’ आठवड्याभरात तीन गल्ल्यांतली सगळी घरे त्यांच्यापासून तुटली. काचेसारखे काही वाजले नाही. फक्त पातेली बाहेर आली नाहीत.

मास्तर काळा चष्मा लावून परतले, तेव्हा प्रमोदिनीबाईंनीच त्यांना सगळे सांगितले. मास्तरांची पुतणी इरावती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने अर्ध्या तासात शोधून काढले की तो मजकूर सहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला आहे. पण ती तिथे थांबली नाही. ती सांवेरला गेली, देवकरणजींच्या परवानगीने सलग चार दिवस दुधाचे नमुने आणले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासले. मग तिने ओसरीत सगळ्यांना समजावून सांगितले. डिटर्जंट नाही. युरिया आहे, पण गायी-म्हशींच्या दुधात तो मुळातच थोडा असतो, आणि याच्यात तेवढाच आहे.

“पाहिलं, आहेच ना मग युरिया,” मागून कुणीतरी म्हणाले.

“काका, तो तुमच्या रक्तातही आहे,” इरावती म्हणाली.

शरदचंद्रजींनी हातातले वर्तमानपत्र दुमडले. मग म्हणाले, “ठीक आहे, आता शुद्ध असेल. बोभाटा झाल्यावर कोण मिसळणार? आणि मतलब, मी कुठे कुणाचं नाव लिहिलं? मी तर फक्त बातमी लिहिली.”

मित्रांनो, सतरा जणांपैकी जे हजर होते, त्या प्रत्येकाने असेच काही सांगितले. मी फक्त वाचले. मी फक्त विचारले. मी फक्त फोटो काढला. ज्यांच्या सह्या मी दिवसभर सांभाळल्या होत्या, ते सगळे सात वाजून गेल्यामुळे मोकळे झाले होते. जी सवय मी माझा चांगुलपणा समजत होतो, तीच त्यांच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्यावर वरपासून खालपर्यंत लिहिले. ‘देवकरणजी यांच्या दुधात भेसळ असल्याची बातमी खोटी होती.’ खाली स्रोत लिहिला, नमुन्यांच्या तारखा लिहिल्या आणि तळाशी, ‘हे पुसू नये.’ मी दिवसभर वाट पाहिली. लोक आले, वाचले, चपला घातल्या आणि गेले. एकानेही फोन उंच धरला नाही.

तीन दिवसांनी देवकरणजी आले. मोटरसायकलला टाक्या नव्हत्या. मास्तरांनीच निरोप पाठवला होता. त्यांनी हेल्मेट काखेत धरले आणि सगळे हळूहळू वाचले. या वेळी त्यांनी एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही.

“देवकरणजी, पुन्हा सुरू करा. मी स्वतः घरोघर जातो,” मास्तर म्हणाले.

“रहने दो मास्साब. अब गाँव की डेरी में डाल देता हूँ. पैसे कम हैं, पर वहाँ नापकर लेते हैं, सुनकर नहीं.” माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, “एक काम कर दो. मेरा नाम हटा दो इस पे से.”

“पण हे तुमच्या बाजूने लिहिलंय.”

“हाँ. पर नाम के बगल में मिलावट लिखा है. आते-जाते आदमी दो ही शब्द पढ़ता है.” मग ते अगदी हळू म्हणाले, “किसने छापी, ये पूछना तो आपने ही सिखाया था. मेरी बारी आई तो किसी ने नहीं पूछा.”

मास्तरांनी फडके घेतले नाही. तळहातानेच त्यांनी ते नाव पुसले आणि मग सगळेच पुसले. तो पांढरा हात खाली सोडून ते देवकरणजींना फाटकापर्यंत पोहोचवायला गेले. परत आल्यावर त्यांनी वर लिहिले, ‘या फळ्यावर एका माणसाबद्दल खोटे लिहिले गेले. लिहिणारे :’ आणि खाली आकडे घालून एकोणीस रिकाम्या ओळी आखल्या. सतरा जणांच्या, अठरावी शरदचंद्रजींची, आणि एकोणिसावी जास्तीची. एकोणिसाव्या ओळीवर त्यांनी स्वतःची सही केली. ‘खडू दिला, नियम सांगितले नाहीत. पंढरीनाथ.’

त्याच दुपारी प्रमोदिनीबाई आल्या. पहिल्या ओळीवर त्यांनी सही केली. खडू मोडला, इतका त्यांनी तो दाबून धरला होता. “मी विचारणार होते हो,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “मग मला लाज वाटायला लागली विचारायची, म्हणून पातेलंच ठेवलं नाही.”

त्याला आता बारा दिवस झाले; तेव्हापासून सातला मला कुणी पुसत नाही. वाचनालयाच्या समितीने ओसरीत टीव्हीचा पडदा लावायचे ठरवले आहे. फळ्यामुळे वातावरण बिघडते असे त्यांचे मत पडले. दसऱ्याला मला काळा रंग देत असत, तो आता बहुधा मिळणार नाही. मला त्याचे फार वाईट वाटत नाही. काल दुपारी ओसरीत कुणी नसताना शरदचंद्रजी आले. अठराव्या ओळीसमोर उभे राहिले. खडू उचलला, हातात फिरवला, पुन्हा ठेवला. बोटांना लागलेली पूड त्यांनी रुमालाला नीट पुसली आणि गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी ‘आमची काळजी घ्या’ असे सांगतात. मी तसे सांगत नाही. तुम्ही कधी कुठे काही लिहाल, मग ते लाकडावर असो की फोनच्या काचेवर, तेव्हा आधी बातमी कुणाची ते विचारा. आणि चुकलात तर सात वाजायची वाट पाहू नका. माझ्यावर अजून सतरा ओळी रिकाम्या आहेत. खडू खालच्या फळीवर ठेवलेला आहे. तो मोडका आहे, पण उमटतो.