डब्यातले देव

वैष्णवीच्या हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही उंद्रीजवळच्या आमच्या गावी गेलो, देवांना हळद लावायला. आम्ही म्हणजे मी, जयमाला, आणि माझा नवरा ज्ञानेश्वर, चिखलीच्या एका कचेरीतला बाबू. वैष्णवी आमची एकुलती एक. देव थोरल्याच्या घरी असतात ही रीत, म्हणून ते माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे थोरले दीर उकंडराव यांच्याकडे होते.

आमच्या घरचे देव झाकलेले. खंडोबा, भवानी, वीर असे चांदीचे पाच टाक लाल कापडात बांधून पितळी डब्यात ठेवलेले. घरात लग्न असलं तरच डबा उघडायचा. ज्याचं लग्न, त्याच्या आईबापांनी जोडीने देवांना हळद लावायची, मग ती उष्टी हळद त्याला. एरवी डब्यालाच कुंकू आणि डब्यालाच नैवेद्य. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नात डबा उघडला, तोच शेवटचा. भासऱ्यांना मूलबाळ नाही आणि आमच्याकडेही नऊ वर्षं पाळणा हलला नव्हता.

नवव्या वर्षी चंपाषष्ठीला मी त्या डब्यासमोर पदर पसरला. लेकरू होऊ दे, त्याच्या लग्नात तुला हळद लावीन, तोवर वांगं खाणार नाही. हसू नका. ज्या मुलखात वांग्याच्या भाजीशिवाय पंगत उठत नाही, तिथे असा नवस बोलून बघा. दर चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य मीच करायची, वांगं भाजतानाच तोंडाला पाणी सुटायचं, आणि जेवायला बसायची ती नुसत्या वरणावर. तेवीस वर्षं. पण वैष्णवी पुढच्याच वर्षी झाली, मग कुरकुर कोणत्या तोंडाने करायची?

चंपाषष्ठीला सगळी भाऊकी भासऱ्यांच्या ओट्यावर जमायची. पहिला टिळा त्यांना, पहिला भंडारा त्यांच्या हातून. माझी जाऊ वच्छलाबाई मात्र नैवेद्याला बोट लावायची नाही. "मले पित्त होते, मंग खाईन," म्हणत ताट झाकून आत न्यायची. दोघं महानुभाव पंथाच्या आश्रमात प्रवचनाला जात, मटण-मासे त्यांनी केव्हाच सोडलेले. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. कृष्णाचं नाव घेणारी माणसं, चांगलंच आहे की.

यंदा महिनाभर माझ्या नवऱ्याचं एकच टुमणं होतं. "डबा कायले उघडतं? वरूनच हळद लाव. आता कोन पाह्यते एवढं?" मला वाटलं, बाबू माणूस, प्रत्येक कामात अंगचोरपणा.

भासऱ्यांनी डबा आणून माझ्यासमोर पाटावर ठेवला आणि तेही तेच बोलले. "वरूनच लाव. उघडू नोको."

भासऱ्यांशी मी उभ्या जन्मात तोंड वर करून बोलले नव्हते. पदर सावरून खाली मान घालूनच मी झाकण काढलं. कापडाची गाठ सोडली. आत नदीतले पाच गुळगुळीत गोटे होते.

मी ते मोजले. मग पालथे करून पाहिले. खालच्या बाजूला खंडोबा असेल असं वाटलं की काय, देव जाणे.

"टाक कुठी हायेत?" मी विचारलं. पदर खांद्यावर पडला होता, तो पडू दिला.

"पंचवीस वर्षं झाले आमाले उपदेश घेऊन," भासरे म्हणाले. "एकाच परमेश्वराले मानतो आमी. बाकीचे देव घरात ठेवता येत नाई. पैनगंगेत सोडले."

ही रीत मला ठाऊक होती. माझ्या माहेरी शेजारच्या कौशल्याबाईंनीही उपदेश घेतला होता. त्यांनी चार माणसं बोलावली, दिवसाढवळ्या सगळे देव धाकट्या दिराच्या हाती दिले आणि मोकळ्या झाल्या. त्यांच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला नाही. खोटं बोला असं काही पंथ शिकवत नाही.

"मंग आमाले काऊन नाई देले?"

उत्तर दिलं ते जाऊबाईंनी. "तुमच्या घरी देव गेले असते, तं चंपाषष्ठीले भाऊकीही तुमच्याच घरी गेली असती ना, बाई."

म्हणजे देव नको होते, पण ओट्यावरची गर्दी हवी होती. पहिला टिळा हवा होता.

"अन् माहा नैवेद्य?"

"गाईले घालत होती. आमाले चालत नाई. पन फेकला नाई कधी," जाऊबाई म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भासरे शांत होते. "चिडू नोको," ते म्हणाले. "खऱ्या टाकासमोर आमी पंधरा वर्षं नाक घासलं, आमाले काई भेटलं नाई. तुले या गोट्यायनं पोरगी देली. सांग, फसलं कोन?"

 नवरा काहीतरी बोलेल, भावाला चार शब्द सुनावेल, म्हणून मी त्याच्याकडे वळले. तो दारातल्या चपलांकडे पाहत होता. त्याला धक्का बसला नव्हता. गोटे पाहून तो पुढेसुद्धा वाकला नव्हता.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"नदीवर भाऊसंगं मीच गेलो होतो," तो पुटपुटला. "गोटे मीच येचले. तू नवस बोलली त्या दिवशी सांगनार होतो. पन घरी येतानी तू इतकी खुश होती..."

भासऱ्यांवरचा राग तोंडाने निघाला असता. हा निघेना, छातीतच बसला. तेवीस वर्षं माझ्या ताटाला ताट लावून हा माणूस बसला. मी वरणात भाकर कुस्करायची आणि हा बोटं चाटत म्हणायचा, आज भरीत झ्याक झालं. त्याला एकदाही घास अडकला नाही. रक्ताच्या भावाची लाज राखली, आणि मला येड्यात काढलं.

तेवढ्यात फोन वाजला. वैष्णवी होती. "आई, लागली का देवाले हळद? इथं बाया खोळंबल्या हायेत."

"लागते, बेटा," मी म्हणाले. "निघतोच आता."

गोटे मी पुन्हा लाल कापडावर ओळीने मांडले. पंचवीस वर्षं मी डोकं टेकलं ते यांच्यासमोर, रडले तीही यांच्यासमोर. हे माझ्याशी कधी बोलले नव्हते, त्यामुळे खोटंही बोलले नव्हते. मी हळदीची वाटी पुढे ओढली.

रीत जोडीची. नवरा मुकाट्याने माझ्या उजव्या हाताला येऊन बसला आणि त्याने वाटीकडे हात नेला. मी वाटी उचलून डावीकडे ठेवली.

"तुमी नोका लावू," मी म्हणाले.

त्याचा हात तसाच राहिला. मी एकटीनेच पाचही गोट्यांना हळद लावली, डब्याचं झाकण बंद केलं आणि उठले.