मार्काची शेवटची बारा वचनं

राहात्याबाहेरच्या मंडपात हजारभर माणूस "हालेलुया" करत उठलं. उठणार नाही तर काय! पास्टर श्रीमंतनं पिकावर मारायच्या औषधाची बाटली ग्लासातल्या पाण्यात ओतली, पाणी पांढरंफेक झालं आणि तो ते घटाघटा प्यायला.

"बायबलातला मार्काचा शेवटचा अध्याय काढा! विश्वास धरणाऱ्याला विष बाधत नाही. मग तुमच्या सुया कशाला? फेका!"

सतरंजीवर लंकाबाईशेजारी बसलेल्या सुरेखानं पंधरा दिवसांपूर्वीच साखरेच्या आजारावरच्या सुया फेकल्या होत्या. पायाची जखम चिघळली होती. नवरा गेल्यापासून लंकाबाईला घरात बोलायला ही नणंदच काय ती उरली होती.

कालच लंकाबाईनं धर्मशास्त्र शिकवणाऱ्या भाचीला, सुकन्याला, गाठलं होतं. तिनं बायबलात त्या अध्यायाच्या पानाखालची बारीक टीप दाखवली.

"मावशी, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ही शेवटची बारा वचनं नाहीत. मागाहून कुणी तरी जोडली."

"मंग जुनं कुठं संपतं?"

"येशूच्या रिकाम्या कबरीपाशी. बाया भिऊन पळतात, कुणाला काही सांगत नाहीत."

ज्या पुस्तकावर बोट फिरवून लंकाबाई अक्षरं शिकली, त्यातही माणसाचा हात! सांजेला प्रार्थनेला बसली, तर तोंडातून शब्द फुटेना. देवासमोरही एकटी पडली बिचारी.

आता मात्र मंडपातले लोक खाली बसले, तशी ती उठली. भीती होतीच, पण गप्प बसून चालणार नव्हतं. ती पुढं गेली. पास्टरच्या टेबलावरच्या ग्लासाला मुंग्या लागल्या होत्या. तिनं बाटलीच उचलून हुंगली.

"पास्टर, चाळीस वर्सं डाळिंबाच्या बागा फवारल्या मी. झाकण उघडलं तरी डोकं भणभणतं. तुमच्या इखाला येलदोड्याचा वास! गोड दूध हाय हे. का मुंग्या बी विश्वासू झाल्या?"

कुणी तरी फिस्सकन हसलं.

"म्हातारे, देवाच्या वचनावर शंका?" श्रीमंत गरजला.

"शंका तुमच्या बाटलीवर. आन् वचनाखालची टीप का वाचली न्हाई? बघा रं, ज्याच्या पुस्तकात आसंल त्यानं बघा!"

थोडी पानं फडफडली आणि मिटली. सतरंजीवरच्या बाया लंकाबाईच्या जागेपासून हातभर सरकून बसल्या. तीस वर्षं त्यांच्यासोबत गीतं गायलेली ती!

ती नणंदेकडं वळली. "सुरेखा, देवावर भरवसा ठेव, मी बी ठेवते. पन बाटली हुंगून बघ, पान वाचून बघ. जो तपासू देत न्हाई, त्याच्यासाठी जीव द्यायचा न्हाई."

सुरेखा उठली. "वैनी, सुया तर मी फेकल्या गं."

"दवाखाना उघडा हाय. चल."

दोघी निघाल्या. मंडपातून तिसरं कुणी उठलं नाही.