वडलांना घेऊन या

त्या रविवारी ज्ञानदेव गुरुजी शेळगावच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत चार पेरू होते. गाडी बघायला जाताना पेरू कशाला, असं तेजश्रीनं विचारलं, तर म्हणाले, "घेणाऱ्यानं रिकाम्या हातानं जावं असं कुठं लिहिलंय?"

गुरुजी म्हणजे तेजश्रीचे वडील. पण ती त्यांना गुरुजीच म्हणे, आणि तिची आई रंगुबाईसुद्धा. त्याला कारण होतं. लोणी भापकरच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत ते नव्यानं लागले, तेव्हा तिथं त्यांना कुणी 'ए मास्तर' म्हणे, कुणी नुसतं 'न्यानबा'. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला पोरगा आपल्या पोरांना शिकवणार, हे काहींच्या गळी उतरत नव्हतं. तेजश्री पहिलीत बसली त्या दिवशी तिनं भर वर्गात 'गुरुजी' अशी खणखणीत हाक मारली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं ऐकून पोरांनी ती हाक उचलली, पोरांची आयांनी, आयांची पारावरच्या माणसांनी. गावाच्या तोंडात एकदा बसलेला शब्द आता हलवायचा कसा? घरी 'आबा' आणि शाळेत 'गुरुजी' असं ठेवलं तर एखाद्या दिवशी जीभ घसरेल, या धास्तीनं पोरीनं घरीही तीच हाक ठेवली. पुढं बदली झाली, बारामतीत घर झालं, गुरुजी निवृत्त झाले. धास्ती संपली, हाक राहिली.

आता तेजश्री इंदापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. रोज बारामतीहून जायचं, रोज परत यायचं. एसटी कधी वेळेवर, कधी वेळ सोडून, आणि ऊसतोडीच्या दिवसांत तर रस्ता बैलगाड्यांचा. बसच्या खिडकीतून तिला शेळगावच्या अलीकडं एका बंगलीपुढं, लिंबाखाली, ती लाल गाडी दिसायची. झेन. बुटकी, रुंद टायरांची, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. काचेवर चुन्यानं लिहिलेलं 'विकणे आहे'. गाडी पुढं यायची, क्षणभर खिडकीच्या चौकटीत मावायची आणि उसात नाहीशी व्हायची. पुस्तकांना क्रमांक घालताना मध्येच तेजश्रीच्या डोळ्यांपुढं तो लाल ठिपका येई. गाडी चालवायला ती शिकली होती ती पोटापुरती, मोटार ट्रेनिंग स्कूलच्या खडखडत्या गाडीवर. नवी गाडी तिच्या पगारात बसणारी नव्हती. ही बसेल, असं तिला का वाटलं कुणास ठाऊक.

बंगली मानसिंग तात्यांची. चार एकर ऊस, दारात म्हशी, आणि मुलगा दीपक मस्कतला.

"पुण्याला इंजिनेरिंगला असताना घेतली त्यानं," तात्या गाडीवरची धूळ उपरण्यानं झटकत म्हणाले. "मग टायर बदल, स्टेरिंग बदल, मागचं नळकांडं बदल. कॉलेजपेक्षा गॅरेजात जास्त शिकला. आता कोन घ्यायला येतं, तर ऐकत्यात आवाज आन म्हंत्यात, पोरानं पिळलेली गाडी हाय, नको. म्हनून सस्त्यात द्यायचीय. खोटं कशाला बोलू?"

"पिळलीय का?" गुरुजींनी विचारलं.

"पिळलीय की! उसावानी!"

गुरुजी हसले आणि पेरू तात्यांच्या बायकोच्या, प्रयागबाईंच्या हातात दिले. तात्यांनी किल्ली तेजश्रीला दिली आणि स्वतः मागच्या सीटवर घुसले. गुडघे हनुवटीला लागले. "म्हशीचं रेडकू कोंडल्यावानी झालं," असं त्यांचं त्यांनीच सांगून टाकलं.

"गुरुजी, पट्टा लावा," तेजश्री म्हणाली.

इंजिन सुरू झालं. आवाज खोलवर कुठंतरी होता, विहिरीत कुणी गुणगुणावं तसा. इंदापूरच्या दिशेनं रस्ता मोकळा होता. जानेवारीतलं ऊन, उसाला पांढरे तुरे आलेले, कालव्यावरून येणारा गार वारा, आणि त्यात कारखान्याच्या मळीचा उग्र गोड वास. तिसरा गिअर पडला तेव्हा गाडीनं अंग चोरलं आणि पुढं झेप घेतली. रोज ज्या रस्त्यावर ती पेंगत बसायची तो हा रस्ता नव्हताच. तो एका जागी राहिला होता, आणि तुऱ्यांचा पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी अंगावरून वाहत चालला होता.

"अजून जाते का गं?" गुरुजी हळूच म्हणाले.

"जाते."

"मग जाऊ दे की."

मागून तात्या म्हणाले, "गुरुजी, ही तुमची शिष्या का?"

"पहिलीपासून माझ्याच हाताखाली."

"मग शिकलीय चांगली. माझा दीपक कुनाच्याच हाताखाली राह्यला न्हाय."

निमगाव केतकीचे पानमळे आले, तिथून गाडी वळवली. परतताना गुरुजी बराच वेळ बाहेर बघत होते. चाळीस वर्षं पोरांच्या निबंधात 'झाडे पळत होती' असं आलं की ते लाल शाईनं खाली लिहीत, 'झाडे पळत नाहीत, पळाल्यासारखी वाटतात.' आता ते काचेला कपाळ लावून म्हणाले, "पळतायत की."

"काय, गुरुजी?"

"काही नाही. पुढं बघ तू."

बंगलीपाशी आल्यावर गुरुजी हात धुवायला हौदाकडं गेले. तात्यांनी तेजश्रीला फाटकापाशी गाठलं. "गाडी पसंत हाय ना? मग पुढच्या रव्वारी वडलांना घेऊन या. त्यास्नी दावली की सौदा करू. तवर कुनाला देत न्हाय."

तेजश्रीनं तोंड उघडलं. 'हेच की', असं ती म्हणणार होती. पण गुरुजींकडं बोट दाखवून 'माझे वडील' असं ती आजवर कुणापुढं म्हणाली नव्हती. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, कॉलेजात नावावरून कळायचं. शब्द ओठांपर्यंत आला आणि परक्या घराच्या उंबऱ्यावर थबकावं तसा थबकला. तेवढ्यात बारामतीची एसटी दिसली आणि दोघं धावत सुटले.

बसमध्ये बसल्यावर तिनं सांगितलं. गुरुजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

"अगं, सांगायचं होतंस!"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"मला काय माहीत तिथं माझी परीक्षा चाललीय?" डोळे पुसून ते पुन्हा हसले. "असू दे. पुढच्या रविवारी येतो की वडील होऊन. सदरा तेवढा दुसरा घालतो. म्हणतील, ते गुरुजी बरे होते, बाप जरा चिक्कू दिसतोय."

लासुर्ण्यापर्यंत ते मधूनच हसत होते. मग तिच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करता करता, ते गेले. एका गालाला साबण तसाच होता. रंगुबाईंनी तो पुसला आणि मग खाली बसल्या.

वस्तीवरच्या शाळेतली माणसं आली. पोरं आता बाप्ये झाली होती, काहींचे केस पिकले होते. ती सगळी 'गुरुजी, गुरुजी' म्हणून रडली. तेजश्री रडली नाही. पाचव्या दिवशी जलदान विधी झाला, त्रिशरण म्हणताना तिचा आवाज स्वच्छ होता. कुणी म्हणालं, पोरगी धीराची आहे. तिला मात्र वाटत होतं की आपण रांगेत उभे आहोत. सगळ्यांचे गुरुजी गेलेत, सगळे रडतायत, आणि आपला नंबर अजून आलेला नाही.

कॉलेज सुरू झालं. पुन्हा एसटी. सकाळच्या धुक्यात, काचेला डोकं टेकलं की तिचा डोळा लागायचा, आणि डोळा लागला की ती गाडी यायची. रस्त्यावरून नाही, शेतातून यायची. उसाच्या तुऱ्यांवरून बसच्या बरोबरीनं धावायची, एकही तुरा न वाकवता, आवाज न करता. आत कोण आहे ते दिसत नसे. पुढच्या काचेवर फक्त उन्हाचा पांढरा गोळा. ती हात हलवायला जायची आणि कंडक्टरच्या घंटीनं जाग यायची. बाहेर नुसता ऊस. कधी कधी एखादं शेत तोडून मोकळं झालेलं असायचं, आणि तिला वाटायचं, आता ती कुठून जाईल?

जाग असली तर मात्र शेळगाव आलं की ती दुसऱ्या बाजूला बघे. लिंबाखाली गाडी आहे की गेली, हे तिला जाणून घ्यायचं नव्हतं. रविवार येत होते आणि जात होते. कुणाला घेऊन जायचं?

रंगुबाईंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "त्या गाडीचं काय केलंस?"

"राहिलं ते."

"त्या रात्री जेवताना तेच चाललं हुतं त्यांचं. झाडं पळत्यात म्हणं." भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं सौंसार केला, पर कुठल्या गोष्टीची अशी चव घेऊन बोलल्यालं मी ऐकलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी शेळगाव आलं तेव्हा तेजश्रीनं मान वळवली. गाडी होती. पण काचेवरची चुन्याची अक्षरं पुसलेली होती. आपल्याला ही गाडी किती हवी आहे, हे तिला त्या क्षणी उमगलं. गुरुजी तिच्या शेजारी बसून जिथं हसले, जिथं त्यांनी झाडांना पळू दिलं, अशी जगात ती एकच जागा होती. ती उठली, आणि बस थांबायच्या आत दारापाशी जाऊन उभी राहिली.

तात्या म्हशींना वैरण टाकत होते. "या, बाई! किती वाट बघायची मानसानं? उंद्या इंदापूरचा एकजन येतोय. पैसं घिऊनच येतोय. बसा."

"तात्या, ती मला द्या. मी पैसे आणते."

"वडील कुठं हायेत?"

तिची नजर गाडीच्या पुढच्या सीटकडं गेली.

"म्हंजी घरी सांगितलंच न्हाय अजून," तात्यांनी मान हलवली. हातातली वैरण खाली ठेवली आणि तिच्यासमोर ओट्यावर बसले. "हे बघ पोरी, राग धरू नको. पैशाचं न्हाय हे. दीपक ही गाडी घिऊन पुन्याहून निघायचा ना, तवा मी ह्या ओट्यावर बसून असायचो. लांबनं आवाज आला की मग माझ्या घशाखाली घास उतरायचा. हिला सांग," त्यांनी दारात आलेल्या प्रयागबाईंकडं हात केला, "किती येळा मी देवाला म्हनलो असंन, ह्यो एक डाव पोचू दे. ती गाडी मी तुझ्या हातात देनार, आन तुझा बाप तिकडं बारामतीत असाच ओट्यावर बसनार. त्याला ठावंबी न्हाय काय गाडी हाय ती. हे मला जमायचं न्हाय. बापाला न दावता बापाच्या लेकीला ही गाडी द्यायची न्हाय मला."

"तात्या..."

"निदान त्या गुरुजींना तरी आनायचं संगं. त्यांचा शब्द मी ऐकला असता. लाख मानूस. पेरू गोड निघालं, सांग त्यास्नी."

"गुरुजी गेले, तात्या. आपण फिरून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. लिंबाची पिकली पानं गाडीच्या टपावर पडत होती. पडायचा आवाज येत नव्हता.

"अरारा," तात्या म्हणाले. "चांगलं मानूस... पहिलीपसनं शिकवलं त्यांनी तुला. वाईट वाटनारच." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात मोठा होता, वैरणीचा वास येणारा. "पर पोरी, गुरुजी ते गुरुजी, आन बाप त्यो बाप. उंद्याच्याला त्या इंदापूरवाल्याला मी थांब म्हनतो. तू घरी जा, वडलांना सांग, आन घिऊन ये."

त्या हाताखाली तेजश्रीची मान वाकली. एवढ्या दिवसांत इतकी माणसं भेटून गेली, पण तिच्या दुःखाला असं आखडतं माप कुणी घातलं नव्हतं. आणि आता ते मोजून दाखवायची पाळी तिच्यावरच आली होती. गाडीसाठी म्हणून नव्हे, पण आता हे सांगितल्याशिवाय तिला फाटकाबाहेर जाता आलं नसतं. तिनं तोंड उघडलं. पहिलीच्या वर्गात, जमिनीवर मांडी घालून, एक शब्द उंच आवाजात उच्चारताना उघडलं होतं तसं.

"वडलांनी गाडी बघितलीय, तात्या."

"कवा?"

"तुम्ही मागं बसला होता. ते पुढं होते, माझ्या शेजारी." तिचा आवाज फुटला, आणि ती तो सावरायला थांबली नाही. "ते गुरुजी माझे वडील होते. माझे आबा होते ते. आबा गेले माझे, तात्या. माझे आबा गेले."